पूजेतलं धोपटणं

कुवेतमध्ये बर्फ उडवायच्या यंत्राचा मेकॅनिक आहे, असं बंडू जगदाळेने पहिल्या सुट्टीत गावी सांगितलं, तेव्हा सलूनमध्ये बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि उसाच्या तोडीचा विषय काढला. माणूस आखातात गेला की थोडीफार फेकतोच, पण त्यालाही काही माप असावं की नाही! शेवटी बंडूने मोबाईलवर फोटो दाखवला. पांढरंशुभ्र मैदान, त्यात केशरी रंगाचा छोटा ट्रॅक्टर आणि कानटोपी घालून त्याच्याशेजारी उभा असलेला बंडू. न्हावी म्हणाला, "काश्मीरला जाऊन आलास व्हय?" बंडूने फोन खिशात टाकला. त्यानंतर तो गावात फक्त 'ट्रॅक्टरचं काम करतो' एवढंच सांगायचा.

खरं तर तो फेकत नव्हता. कुवेतच्या सुलैबिया भागात गोदामांच्या रांगा संपतात तिथे पत्र्याचं एक अवाढव्य शेड आहे. बाहेर उन्हाने डांबर मऊ होतं आणि आत गोठणबिंदूच्या खालची थंडी, हातभर बर्फ. भाड्याची जाकिटं घालून पोरं त्यात लोळतात, घसरतात, एकमेकांवर गोळे फेकतात. दिवसभर त्यांच्या पायांनी बर्फ इतका दडपला जातो की सकाळी त्याची फरशी झालेली असते. ती फरशी खरवडायची, भुगा करायचा आणि पुन्हा मऊ पसरायचा, हे काम ट्रॅक्टरच्या पुढे जोडलेल्या ब्लोअरचं. त्याच्या रुंद जबड्यात पीळदार पातं फिरतं आणि बर्फ आत ओढतं. मागे लोखंडी पंख्यासारखं चाक असतं, ते हा बर्फ वर उभ्या नळकांड्यातून दूर भिरकावतं. यंत्र कुठल्याशा थंड मुलखातून आलेलं. तिथे त्याला वर्षातले चार महिने काम असणार. इथे रोज.

आणि इथलं हवामान त्याच्या जिवावर उठलेलं. कामानंतर ट्रॅक्टर थंडीतून बाहेरच्या वर्कशॉपमध्ये आला की त्याला घाम फुटायचा. अक्षरशः. लोखंडावर पाण्याचे थेंब उभे राहायचे, त्यावर वाळवंटाची बारीक धूळ बसायची आणि ग्रीसमध्ये मिसळून तिचं पॉलिश पेपरसारखं काहीतरी व्हायचं, जे बेअरिंग खाऊन टाकायचं. म्हणून बंडू आधी सगळं यंत्र कोरडं पुसायचा, मग जुनं ग्रीस काढायचा, मग नवं भरायचा. नळकांड्याला आतून मेणबत्ती घासायचा, म्हणजे बर्फ चिकटत नाही. पहिल्या वर्षी त्याने शहाणपणा करून खोबरेल लावलं होतं. ते आत जाताच गोठलं आणि नळकांडं असं बुजलं की दिवसभर बर्फघर बंद ठेवावं लागलं. वासंती, म्हणजे बंडूची बायको, सालमियातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिने ही गोष्ट दवाखान्यात इतक्या जणींना सांगितली की त्या बंडूला आजही 'खोबरेल' म्हणूनच ओळखतात.

बाकी काही म्हणा, एका बाबतीत बंडूची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. तुंबलेल्या नळकांड्यात कुणी हात नेताना दिसला, तर तो त्या माणसाला मानगुटीला धरून मागे ओढायचा. मग तो माणूस कोण, कुठला, हे पाहायचा नाही.

याला कारण होतं त्याचा नामूकाका. बंडू शाळेत असताना गावच्या खळ्यावर मळणी यंत्रात पेंढी अडकली. काकाने यंत्र बंद केलं, पट्टा थांबल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच हात घातला. अडकलेली पेंढी सुटली, तसा आत दाबून राहिलेला जोर सुटला आणि बंद यंत्राने एक गिरकी घेतली. एकच. नामूकाका पुढे वीस-बावीस वर्षं जगला, पण सदऱ्याची उजवी बाही कायम खिशात खोचून. जेवताना ताट गुडघ्याने धरायचा. बंडूला ते गुडघे आठवतात.

"सुंभ जळतो, पर पीळ जळत न्हाई," हे बंडू यंत्राबद्दल म्हणायचा. "इंजिन बंद झालं म्हंजे यंत्र मेलं असं समजू नगा. पोटात पीळ धरून बसलेलं असतंय."

ब्लोअरच्या पात्याला एक शिअर पिन असते, मुद्दाम मऊ लोखंडाची. बर्फाचं टणक ढेकूळ अडकलं की ती कट्कन मोडते आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. रोज पिना मोडतात म्हणून वैतागून दुसऱ्या एका मेकॅनिकने एकदा तिथे पक्का पोलादी बोल्ट ठोकला. बंडूने तो त्याच्यासमोर करवतीने कापून काढला. पण पिनेवरही त्याचा पुरता भरवसा नव्हता. ओला बर्फ मागच्या चाकात चिखलासारखा दडपून बसतो, तेव्हा पिन मोडत नाही आणि चाकही फिरत नाही. "पिन मोडली तर बरं," तो म्हणायचा. "मोडली न्हाई तर भ्यायचं."

त्यासाठी त्याच्याकडे होतं धोपटणं. कपडे बडवायचं, बाभळीचं, मुठीशी झिजून गुळगुळीत झालेलं. वासंतीने लग्नानंतर पहिल्यांदा कुवेतला येताना ते बॅगेत घालून आणलं होतं. परदेशात धुणं धुवायला धोपटणं आणणारी बाई विमानतळावरच्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. घरी वॉशिंग मशिन असल्याने ते पलंगाखाली पडून राहिलं, ते बंडूने कामावर नेलं. तुंबलेल्या नळकांड्यात लोखंडी पहार घातली तर चाकाची पाती वाकतात. लाकूड यंत्राला इजा करत नाही, आणि यंत्राला करायचीच असेल तर ती लाकडाला करू दे. धोपटण्याच्या टोकावर पात्यांचे सात-आठ खोल घाव होते. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला बंडू ते घाव बोटाने चाचपायला लावायचा. एवढं एकच त्याचं प्रशिक्षण.

तीन वर्षांपूर्वी वासंतीचा धाकटा भाऊ प्रसन्न इथे आला. सांगलीत रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा केलेला, हसरा, कुठेही मिसळून जाणारा. बंडूनेच शब्द टाकून त्याला बर्फघरात चिकटवला. निघताना सासूबाईंनी काही बोलून दाखवलं नाही. फक्त प्रसन्नचा हात धरून बंडूच्या हातात दिला, जशी एखादी वस्तू सांभाळायला द्यावी. बंडू म्हणाला, "जसा नेतोय तसा आणून दीन." हे वाक्य तेव्हा त्याला सोपं वाटलं होतं.

प्रसन्नने घाव चाचपले. नामूकाकाची गोष्ट ऐकली. इंजिन बंद, ब्लोअरला इंजिनाचा जोर देणारा पीटीओचा दांडा बंद, चावी काढून खिशात, आणि मग धोपटणं, हा क्रम त्याने असा पाठ केला की बंडूच्या गैरहजेरीतही तो चुकायचा नाही. आल्या आल्या तो दाजींच्या देवधर्माला हसायचा खरा, पण हसणारी माणसं हळूहळू आपल्यासारखी होतात याचं बंडूला फार समाधान होतं.

बंडूचा देवधर्म म्हणजे मुख्यतः खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुवायची, पुसायची, हळदीकुंकू लावून पूजेला मांडायची, आणि मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांचा. गेल्या वर्षी खंडेनवमी आली गुरुवारी. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे बर्फघरात पाय ठेवायला जागा नसते. बंडूने त्यावर तोड काढली. पहाटे दोघांनी मिळून सगळा बर्फ मऊ करून ठेवला, ट्रॅक्टर धुतला आणि त्याला झेंडूचा हार घातला. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पांढरी चादर अंथरली. पाने, हातोडे, ग्रीसची बंदूक, पहारी, फावडी, झाडूंचे दांडे, सगळं ओळीने मांडलं. बंडूला अर्धवट काही आवडत नसे, त्यामुळे बाहेर म्हणून एक काठी राहिली नाही. मधोमध धोपटणं, त्याच्यावर कुंकवाची पाच बोटं.

पूजा झाल्यावर प्रसन्नला एका पाइपचा नट सैल दिसला आणि त्याने सवयीने चादरीवरचा पाना उचलला. बंडूने त्याच्या मनगटावर फटका मारला. फार जोरात नाही, पण चार माणसांत.

"एक दिवस तरी त्यास्नी राहू दे की! कळत न्हाई तुला?"

प्रसन्नने पाना जागेवर ठेवला, हात जोडले आणि नट हाताने आवळला. कान लाल झाले होते त्याचे. दुपारची पाळी त्याची होती. बंडू सालमियाला घरी निघून गेला.

घरी वासंतीची सुट्टी होती आणि कढईत कडाकण्या तळल्या जात होत्या. देवीपुढे टांगायला बंडू त्या दोऱ्यात ओवत बसला होता, तेवढ्यात प्रसन्नचा फोन आला. स्पीकर लावून त्याने फोन ओट्यावर ठेवला.

"दाजी, दुपारी चिलर ट्रिप होऊन बंद पडला हुता. आता चालू केलाय, पर वरचा बर्फ पातळ झाला आन् परत धरायला लागलाय. मुदीर म्हणतोय, पोरं यायच्या आत एकडाव मशीन फिरव."

मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर. कुवेतमध्ये कुठल्याही साहेबाला हाच शब्द.

"यंत्राला हार घातलाय की," बंडू म्हणाला.

"त्येच सांगितलं. तो म्हणतोय, हार काढ."

बंडूने हातातली कडाकणी खाली ठेवली. नोकरीही मोडायची नव्हती आणि पूजाही मोडायची नव्हती. अशा वेळी आपण सगळेच जे करतो ते त्याने केलं, देवाकडे अर्धी सवलत मागितली.

"काढ मग. नमस्कार करून काढ, देवी समजून घेती. पर हत्यारांची पूजा मोडू नगंस. ती उद्या सकाळपत्तूर तशीच राहू देत."

"बरं दाजी."

फोन बंद झाला. वासंतीने झाऱ्याने एक कडाकणी उलटली. बंडूने पुढची घेतली, दोरा ओढला आणि ती बोटांत कट्कन मोडली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. हातात दोन तुकडे धरून तो बसून राहिला. पातळ झालेला, म्हणजे ओला बर्फ. पातळ बर्फात पिन मोडत नाही. नळकांडं तुंबणार, आज तुंबणारच, आणि धोपटणं चादरीवर आहे. काठी नाही, दांडा नाही, काहीच बाहेर नाही.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. बर्फघराच्या जाड भिंतींतून सिग्नल जात नाही, म्हणून सगळे फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवतात. हे त्याला ठाऊक होतं, तरी तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. मग तिकीट खिडकीवरच्या अफ्रीनला लावला. ती हैदराबादची, बंडूला अंकल म्हणणारी. तिच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग असणार. तिनेही उचलला नाही.

"काय झालं हो?" वासंतीने विचारलं.

"काय न्हाई. जाऊन येतो."

सहाव्या रिंग रोडवर गुरुवार संध्याकाळची गर्दी होती. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. समोर सूर्य धुळीत बुडत होता आणि आकाशाला मळकट पिवळा रंग आला होता. बंडू स्वतःची समजूत घालत होता. पोरगं शिकलेलं आहे. घाव चाचपलेत त्याने. नामूकाकाची गोष्ट माहीत आहे. तुंबलं तर सोडून देईल, मुदीरला म्हणेल होत नाही. पण हेच पोरगं सकाळी चार माणसांत फटका खाऊन हात जोडून उभं राहिलं होतं, हे त्याला दिसत होतं. मुदीरला नाही म्हणणं त्याला जमलं असतं. दाजींना नाही म्हणायला तो कधी शिकलाच नव्हता.

फोन वाजला. अफ्रीन होती. ती रडत नव्हती, म्हणून बंडूला क्षणभर बरं वाटलं.

"अंकल, आप किधर हैं? जल्दी आइए. प्रसन्न भाई का हाथ..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. ऐकायची गरज नव्हती. गाडी रस्त्याच्या कडेला, धुळीत घालून त्याने पुढच्या सगळ्या गाड्या मागे टाकल्या.

तो पोचला तेव्हा पोरांना बाहेरच थांबवलं होतं. भाड्याची जाकिटं घालून ती उकाड्यात घामाघूम उभी होती आणि आत का जाऊ देत नाहीत म्हणून कुरकुरत होती. आत प्रसन्न प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसला होता. उजवा हात कुणाच्या तरी जाकिटात गुंडाळलेला, चेहरा भिंतीच्या रंगाचा. बंडूला पाहून तो हसायचा प्रयत्न करत होता, ते बंडूला बघवेना.

वासंतीचा फोन आला. अफ्रीनने तिलाही कळवलं होतं. तिचा आवाज दवाखान्यातला होता, घरातला नव्हता.

"बोटं आहेत का?"

"न्हाईत."

"किती?"

"दोन. अंगठ्याजवळची."

"शोधा. ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, मग पिशवी बर्फावर ठेवा. थेट बर्फात नको, ऐकलंत? थेट बर्फ लागला की मांस मरतं."

थेट बर्फ लागायला नको! बंडूने समोर पाहिलं. नळकांड्याचं तोंड जिकडे होतं तिकडे पांढरा ढीग पसरला होता आणि त्यात एका बाजूला फिकट गुलाबी रेघ ओढल्यासारखी. तो गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उपसू लागला. त्याच हातांनी, ज्यांना तो एवढी वर्षं यंत्रापासून जपत आला होता. हात बधिर झाले, नखं निळी पडली. एक बोट सापडलं. ते बर्फासारखंच कडक झालं होतं. दुसरं अँब्युलन्स येईपर्यंत सापडलं नाही.

उठताना त्याची नजर यंत्राकडे गेली. पिन शाबूत होती. पीटीओचा दांडा बंदच्या खाचेत, नीट बसवलेला. इंजिन थंड. कुलपात चावी नव्हती. काढलेला झेंडूचा हार सीटच्या मागे जपून लटकवलेला. पलीकडे, दार उघडं राहिल्याने, वर्कशॉपची पांढरी चादर दिसत होती. सगळी हत्यारं ओळीत होती. एक पाकळीसुद्धा हलली नव्हती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सापडलेलं बोट पाहिलं आणि मान हलवली. जखम साफ करून शिवायला आत नेताना नर्सने प्रसन्नचे कपडे उतरवले आणि त्याच्या पँटच्या खिशातून निघालेली एक चावी बंडूच्या हातात ठेवली. ट्रॅक्टरची चावी. इंजिन बंद, दांडा बंद, चावी खिशात. पोराने सगळं केलं होतं. बंडूने सांगितलेलं एकही त्याने वगळलं नव्हतं.

वासंती धावत आली, ती तशीच, हाताला कणीक लागलेली. भावाच्या शिवणीवरचं बँडेज तिने नजरेनेच उलगडून पाहिलं आणि काय वाचलं, काय गेलं याचा हिशेब तिला तिथेच कळला. ती त्याच्या उशाशी बसली, केसांतून हात फिरवू लागली. बंडू पायाशी उभा होता, मुठीत चावी धरून. ती इतकी घट्ट धरली होती की तळव्यात तिचे दाते रुतले होते.

भुलीच्या गुंगीतून प्रसन्नने डोळे उघडले. आधी त्याला बहीण दिसली, मग बंडू. बंडू काहीतरी बोलणार होता. प्रसन्नच आधी बोलला. रागावू नका म्हणून सांगावं तसा आवाज होता त्याचा.

"दाजी, हत्यारांना हात लावला न्हाई हां म्या. तुमी सांगितल्यालं तसंच ठेवलंय सगळं."

बंडूने मान खाली घातली. वासंतीचा हात भावाच्या केसांत थांबला. तिने हळूच वळून नवऱ्याकडे पाहिलं. फोन आला तेव्हा ती शेजारीच उभी होती.